मायेचा घास

सांगलीत जानेवारी ते एप्रिल हे महिने द्राक्षांचे. तासगाव-कवठेमहांकाळकडच्या शेडवर बेदाण्याचे रॅक भरतात, आणि ज्याची स्वतःची बाग नाही त्याच्याही घरी कुठल्यातरी पाहुण्याकडून पेटी येऊन पडते. याच दिवसांत उलट्यांचं कुत्रं टेबलावर आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. द्राक्षं किंवा बेदाणे पोटात गेलेत का?

उत्तर बहुतेक वेळा कौतुकानं येतं. "व्हय की मॅडम. लई आवडतात त्याला. पोरगं एक खातंय, ह्याला एक देतंय."

द्राक्षांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, हे पशुवैद्यकालाही तसं उशिराच कळलं. २००० सालाच्या आसपास अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधा केंद्रात एकसारख्या केसेस जमू लागल्या, तेव्हा हा धागा जुळला. नेमकं काय बाधतं हे पुढेही बरीच वर्षं कोडंच होतं. २०२१ मध्ये तिथल्याच विषतज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. द्राक्षाच्या जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे हे आम्ल कमीजास्त असतं. त्यामुळे एक कुत्रा ओंजळभर द्राक्षं खाऊन ठणठणीत राहतो आणि दुसरा थोड्याशा बेदाण्यांनी कोसळतो, याचाही उलगडा होतो. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो, म्हणजे बेदाण्यात सगळंच आटून आलेलं. हेच आम्ल चिंचेतही भरपूर असतं, आणि चिंच खाऊन मूत्रपिंडं बिघडलेल्या कुत्र्यांच्या नोंदी आहेत. म्हणून आमटी-भात घालणाऱ्यांना मी चिंचेची आमटी बंद करायला सांगते. "इतकी वर्षं खातोय, काही झालं नाही," हे वाक्य मला पाठ आहे. त्यावर माझं म्हणणं एवढंच असतं, की कुठला घास बाधेल हे मलाही सांगता येत नाही, म्हणून एकही देऊ नका.

विश्रामबागकडच्या एका घरी सत्यनारायण होता. प्रसादाच्या शिऱ्यात सढळ हातानं बेदाणे घातलेले. घरातल्या छोट्या पॉमेरेनियनला द्रोण भरून प्रसाद मिळाला. देवाचा प्रसाद घरातल्या एका जिवाला नाकारायचा तरी कसा? त्या रात्री त्याला उलट्या झाल्या. दुसऱ्या दिवशी ते गप्प पडून राहिलं, तेव्हा घरच्यांना वाटलं, तूप जास्त झालं असेल. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आणलं तेव्हा त्याची लघवी जवळजवळ थांबली होती. पोटात गेल्यापासून दोनेक तासांत आणलं असतं, तर औषधानं उलटी काढून, दोन दिवस सलाईन चालवून वाचायला चांगला वाव होता. आम्ही प्रयत्न केले, पण ते गेलं. त्या घरातल्या बाईंनी मला विचारलं, "मी माझ्या हातानं भरवलं हो. माझ्याच हातानं झालं का?" मी त्यांच्याशेजारी बसले. खोटं सांगणं मला जमत नाही, आणि खरं सांगायची ती वेळ नव्हती.

या व्यवसायात इतकी वर्षं काढल्यावर मला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट हीच आहे. ज्यांना जनावराची फिकीर नाही, त्यांची जनावरं माझ्यापर्यंत पोहोचतच नाहीत. येतात ती जिवापाड जपलेली. आणि त्यांतल्या कितीतरी जणांना जे झालेलं असतं, ते जपण्यातूनच झालेलं असतं. घरातलं लेकरू मानलं, म्हणून लेकराला देतो ते दिलं. मन तेच म्हणतं, पण त्याचं यकृत आणि मूत्रपिंड वेगळं आहे.

औषधांच्या डब्याची गोष्ट तर याहून वाईट. गावभागातल्या एका जुन्या वाड्यातल्या आजींचं मांजर दोन दिवस कोपऱ्यात बसून होतं, अंग गरम लागत होतं. आजींनी पॅरासिटामॉलची अर्धी गोळी कुस्करून दुधातून दिली. संध्याकाळपर्यंत मांजराचं तोंड सुजलं, पंजे सुजले, ते तोंड उघडून धापा टाकू लागलं. मी ओठ वर करून पाहिला, तर हिरड्या गुलाबी नव्हत्या, चॉकलेटी झाल्या होत्या. सुईत आलेलं रक्तही तपकिरी.

पॅरासिटामॉल निरुपद्रवी करून शरीराबाहेर टाकायला यकृतात जी व्यवस्था लागते, ती मांजरात फार तोकडी असते. मग त्या औषधातून तयार होणारे घातक घटक रक्तातल्या हिमोग्लोबिनवरच घाला घालतात. मांजर श्वास घेतं, पण रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. तीन-चार किलोच्या मांजराला एक गोळीसुद्धा मारून टाकू शकते. उतारा आहे, ॲसिटिलसिस्टिन. हे माणसांच्या दवाखान्यातलं औषध, आणि इथं मला आमच्या शेजारगावाचे आभार मानलेच पाहिजेत. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. तिथं औषधांची दुकानं रात्रीही उघडी असतात. आजींचा नातू गाडीवरून गेला आणि औषध घेऊन आला. रात्रभर ऑक्सिजन आणि सलाईन चाललं, आणि मांजर वाचलं. आजी बाकावरून हलल्या नाहीत. म्हणत होत्या, "नातवाला ताप आला की हीच देते ना गं मी." त्यात चूक कुठं होती? कुणीतरी त्यांना आधी सांगायला हवं होतं, एवढंच. म्हणून आता लसीकरणाला आलेल्या प्रत्येक मांजराच्या माणसांना मी हे सांगते, त्यांनी विचारलं नाही तरी.

कुत्र्यांच्या बाबतीत आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक हे वैरी. लंगडतोय म्हणून घरातली दुखण्यावरची गोळी दोन-तीन दिवस दिली जाते आणि मग काळी, डांबरासारखी शी होऊ लागते. पोटात व्रण होऊन रक्त पाझरत असल्याची ती खूण. डायक्लोफेनॅकचा जनावरांसाठी वापर आपल्याकडे २००६ मध्ये बंद झाला तो गिधाडांमुळे. औषध दिलेली गुरं मेल्यावर ती खाऊन गिधाडं मरत होती. पण माणसांसाठीची गोळी घराघरात आहे, आणि घरातल्या कुत्र्याच्या पोटाचा विचार कुणी करत नाही.

सांगलीसारख्या ठिकाणी आणखी एक धोका आहे, तो पुण्या-मुंबईच्या माझ्या पशुवैद्य मित्रमैत्रिणींना फारसा भेटत नसावा. इथं शहरातल्या माणसाचंही गावाकडे गोठा असलेलं घर असतं. गोठ्यात गुरांच्या गोचिडांचं औषध असतं, बहुधा डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन. गाईवर फवारतात, कुत्र्यालाही त्यानंच आंघोळ घालतात, आणि उरलेल्या पाण्यात पिसवा झाल्या म्हणून मांजरालाही बुडवून काढतात. काही तासांत मांजराचे कान फडफडू लागतात, अंगाला कंप सुटतो, मग झटके येतात. हे औषध निकामी करणंही मांजराच्या यकृताला जमत नाही. त्याला थेट उतारा नाही. कोमट पाण्यात भांडी घासायचा द्रव साबण घालून अंग धुवायचं, झटके आवरायचे, अंगाची उष्णता सांभाळायची आणि वाट बघायची. दुकानातून कुत्र्याच्या मानेवर टाकायचे थेंब आणून मांजराच्या मानेवर टाकले तरी हेच होतं, त्यात परमेथ्रिन असेल तर. डब्यावर मांजराचं चित्र नसेल तर ते मांजराला लावायचं नाही, इतका साधा नियम मी सांगते. वाचता न येणाऱ्यालाही तो पाळता येतो.

गोचिडांबद्दल लोकांची समजूत अशी की त्या कुत्र्याच्या अंगावर राहतात. खरं तर कुत्र्यावरची गोचीड आपल्या आयुष्याचा बराचसा काळ कुत्र्यापासून लांब, भिंतीत काढते. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली उतरते, दाराच्या चौकटीमागे, फरशीच्या फटीत, कुंड्यांखाली जाऊन हजारांनी अंडी घालते. म्हणून अंगावरच्या वेचून रॉकेलात टाकत बसलेल्या मालकाला मी घराच्या फटी दाखवायला सांगते. फटी सिमेंटनं भरा, कुत्र्याची जागा उन्हात टाका, आणि महिन्याची किंवा तीन महिन्यांची गोळी वेळेवर द्या. गोचीड ताप आला की कुत्रं आधी नुसतं मलूल होतं आणि जेवणावरून तोंड फिरवतं. पुढे प्लेटलेट्स उतरतात, नाकातून रक्त येतं. लवकर सापडला तर डॉक्सिसायक्लिननं बरा होतो, पण गोळ्या २८ दिवस द्याव्या लागतात. पाचव्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागतं आणि घरचे गोळ्या थांबवतात. मग मी फोन करते, रागावतेसुद्धा.

दुधाबद्दल बोलले नाही तर माझं बोलणं अर्धवट राहील. मांजर म्हटलं की आपल्याकडे दूध आलंच. शाकाहारी घरातली मांजरं वर्षानुवर्षं दूधभातावर असतात आणि मालक अभिमानानं सांगतात, "आमची मनी अगदी सात्त्विक आहे." मांजराला टॉरिन नावाचा घटक अन्नातून मिळावा लागतो, तो मांस-मासळीत असतो, धान्यात नसतो, दुधात अगदी थोडा. तो न मिळाल्यास डोळ्याचा पडदा झिजून दृष्टी जाते आणि हृदयाचे स्नायू ढिले पडतात. हृदयाचा हा संबंध १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवला, आणि त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यात टॉरिन वाढवलं गेलं. उंदीर-पाली मारून खाणारं मांजर स्वतःची सोय करून घेतं. फ्लॅटमधलं मांजर ती करू शकत नाही. मी कुणाला घरात मटण शिजवा म्हणत नाही. ज्या घरात ते चालत नाही त्या घराचा मी मान राखते. पण मांजरासाठीचं कोरडं खाद्य वाटीत घालायला सोवळं आड येत नाही, आणि तेही चालणार नसेल तर मांजर पाळू नये, असं मी स्पष्ट सांगते.

बोक्याचं एक लक्षण प्रत्येक घराला ठाऊक असावं. तो सारखा मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसतो, जोर करतो, ओरडतो, आणि काही होत नाही. लोकांना वाटतं बद्धकोष्ठ झालं, आणि एरंडेल पाजतात. प्रत्यक्षात लघवीचा मार्ग तुंबलेला असतो. दोन-तीन दिवसांत तो मरतो. सकाळी दिसलं तर सकाळीच आणा, संध्याकाळच्या वेळेची वाट बघू नका.

आता पुराविषयी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी तिथं ४५ फूट आहे. त्या दिवसांत काय काय पाहिलं ते सगळं इथं लिहवत नाही. बोटीत कुत्र्याला जागा नाही म्हणून घर सोडायला नकार देणारी म्हातारी माणसं होती. मांजराला पिशवीत घालून, वर पदर घेऊन, छावणीत लपवून ठेवणारी एक बाई होती. आणि घाईत निघून गेलेल्या घरांच्या मागच्या अंगणात साखळीला बांधलेली कुत्री होती. पाणी उतरल्यावर ती सापडली. त्यांना बांधून जाणारे लोक निर्दय नव्हते. "येतोच की संध्याकाळी" असं म्हणून ते गेले होते, आणि पाणी वाढतच गेलं.

म्हणून नदीकाठच्या प्रत्येक घराला मी पावसाळ्याआधी एकच विनवणी करते. नेता आलं तर घेऊन जा. नेता येणारच नसेल, तर साखळी सोडा, दार उघडं ठेवा, गच्चीचा जिना मोकळा ठेवा. कुत्रा पोहतो, चढतो, वाट काढतो. मांजर तर त्याहून वर जातं. साखळीतून मात्र कुणालाच वाट काढता येत नाही. आणि एक टोपली किंवा पिंजरा, पट्टा आणि लसीकरणाचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराशी टांगून ठेवा. मांजराला त्या टोपलीत एरवीही झोपायची सवय लावा. ऐन वेळी घाबरलेलं मांजर नव्या पिंजऱ्यात कोंबता येत नाही, हे ज्यानं करून पाहिलंय त्याला सांगायला नको.

पूर ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. उंदरांच्या लघवीतले जंतू साचलेल्या पाण्यात आणि चिखलात राहतात; कुत्रं ते पाणी पितं, नाहीतर जखमेतून जंतू आत शिरतात. ताप, उलट्या, मग डोळे आणि हिरड्या पिवळ्या. हा आजार त्याच्या लघवीतून माणसालाही होतो, म्हणून साफ करणाऱ्यानं हातमोजे घालायलाच हवेत. वार्षिक लसीत लेप्टोचा भाग असतो, आणि आमच्याकडे तो टाळण्यासारखा नाही.

लसीकरणाबद्दल मी फार बोलत नाही, लोकांना माहीत असतं. तरी दोन गोष्टी सुटतात. पिल्लाला सहा-आठ आठवड्यांना पहिली लस दिली की संपलं असं नाही. आईकडून आलेल्या प्रतिकारशक्तीमुळे ती पहिली लस वाया जाऊ शकते, म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू १६ आठवड्यांचं होईपर्यंत ती पुन्हा द्यावी लागते. आणि लस अर्धवट राहून एखादं पिल्लू पार्व्होनं गेलं, तर लगेच दुसरं आणू नका. तो विषाणू घरात, अंगणात महिनोन् महिने टिकतो आणि फिनेलला दाद देत नाही, कपडे पांढरे करायच्या ब्लीचला देतो. दुसरी गोष्ट रेबीजची. घरच्या पिल्लाचा दात लागला तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुवा आणि माणसांच्या डॉक्टरकडे जा. "घरचंच आहे, बाहेर जात नाही," म्हणून थांबू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणसाला वाचवण्याचा भरवशाचा उपाय नाही.

मी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले तेव्हा आमचा भर गाई-म्हशींवर होता. खेड्यात फिरताना पाहिलेली एक गोष्ट आजही उपयोगी पडते. अडाणी म्हणवणारा शेतकरी सकाळी गोठ्यात शिरताच सांगतो, "आज गाय रवंथ करीना झालीय." अजून ताप नाही, कण्हणं नाही, पण त्याला कळलेलं असतं. त्याचं पोट त्या गाईवर असतं आणि नजरही. घरातल्या कुत्र्या-मांजराशी आपण दिवसभर बोलतो, फोटो काढतो, मांडीवर घेतो, पण तसं बघत नाही. म्हणून मी लोकांना बघायला शिकवते. धडधाकट असताना त्याचा ओठ वर करून हिरडीचा रंग नीट पाहून ठेवा, म्हणजे बदलला की कळेल. गाढ झोपेत असताना एका मिनिटात किती श्वास घेतो ते मोजा. ३० च्या वर रोज जायला लागला तर मला फोन करा. पाणी किती पितो ते पाहा. मांजर दुखणं लपवतं, पण ते नेहमी चढायचं त्या फ्रिजवर चढेनासं झालं, हे लपवू शकत नाही.

हे सगळ्यात नीट ऐकलं ते आठवीतल्या एका मुलीनं. त्यांची लॅब्रेडोर कुत्री, वय सात, नसबंदी केलेली नाही. "एकदा तरी पिल्लं होऊ देत," असं आजोबांचं म्हणणं. मुलगी मात्र स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, गॅस सिलिंडर आणि दुधाच्या नोंदींच्या शेजारी, कुत्री माजावर आल्याची तारीख लिहून ठेवायची. एके दिवशी ती आईला घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, माज संपून पाच आठवडे झाले, आणि आता ही पाण्याचं भांडं तीनदा रिकामं करते. मी मापानं घातलं, साडेतीन लिटर झालं." कुत्रीचं वजन २८ किलो. किलोमागे शंभर मिलिलिटरच्या वर पाणी म्हणजे काहीतरी नक्की बिघडलंय. बाकी कुत्री शेपूट हलवत होती, जेवणही थोडंफार चालू होतं, आणि तोवर बाहेर काहीच वाहत नव्हतं. सोनोग्राफी केली, तर गर्भाशय पुवानं भरलेलं. माजानंतर महिना-दोन महिन्यांत होणारा हा आजार नसबंदी न झालेल्या कुत्रीचा जीव घेतो. गर्भाशय फुटलं तर काही तासांत. त्याच रात्री शस्त्रक्रिया केली.

टाके काढायला आजोबाही आले होते. त्यांनी मला त्यांच्या मळ्यावरच्या दुसऱ्या कुत्रीच्या नसबंदीची तारीख विचारली. पुढच्या गुरुवारची दिली. मुलीनं ती मोबाइलमध्ये टिपली, आणि मी कसलं औषध आधी बंद ठेवायचं, किती तास उपाशी ठेवायचं, हे सांगू लागल्यावर तेही सगळं लिहून घेतलं.